पाणी किती वाजता सोडतात?

आषाढातला रविवार म्हणजे आमच्या मळवलीत श्वास घ्यायला फुरसत नसते. पुण्याहून येणारी सकाळची लोकल स्टेशनात थांबली, की रंगीबेरंगी रेनकोटांचा लोंढाच बाहेर पडतो. कुणी भाजे लेण्यांकडे वळतं, कुणी लोहगडाकडे, कुणी विसापूरच्या वाटेला लागतं. या मंडळींसाठी आमच्या बचत गटातल्या आम्ही चौघीजणी पिठलं-भाकरी करतो. २०२५ च्या जुलैतल्या अशाच एका रविवारी मी भाकरी थापत बसले होते. तेवढ्यात लेक दारातूनच ओरडली, "आई, माझी कयाक आली!"

"काय आली?"

"कयाक गं! होडी!"

पुठ्ठ्याच्या खोक्यातून पिवळ्याधमक रबरी कापडाची घडी निघाली. सोबत पायाने मारायचा पंप आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं एक वल्हं. कॉलेजातल्या तिघींनी पैसे काढून ऑनलाइन मागवलेली. बेतही ठरलेला होता. पुढच्या रविवारी कार्ल्याकडे जाणाऱ्या पुलापाशी ती इंद्रायणीत सोडायची आणि वाहत्या पाण्याबरोबर कामशेत गाठायचं.

"पाणीच नेतं आई, आपल्याला काही करावं लागत नाही!"

माझा हात तिथंच थांबला. तव्यावरची भाकरी करपली. ह्यांनी खोक्यावरची किंमत वाचून "एवढ्यात एक शेळी आली असती" म्हणून घेतलं. आणि ओसरीवरून सासूबाईंचा आवाज आला, "पोरीनं पान्यात न्हाय जायचं."

बस्स, एवढंच. पुढे एक शब्द नाही.

तीन पिढ्या, पण पोहता कुणालाच येत नाही

सासूबाईंचं माहेरही नदीकाठचंच. साठेक वर्षांपूर्वी त्यांची धाकटी बहीण धुणं धुवायला गेली आणि परत आलीच नाही. हातातलं लुगडं वाहून चाललं, ते धरायला ती दोन पावलं पुढे गेली होती. सासूबाई तेव्हा काठावर दगडावर बसून होत्या. हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही, चुलत सासूबाईंकडून कळलं. पण या घरात लग्न होऊन आले त्या दिवसापासून नियम ठाऊक होता. मुलीबाळींनी नदीवर जायचं नाही. निर्माल्य सोडायला पुरुष जाणार. गौरी-गणपतीच्या विसर्जनाला आम्ही बायका काठावर उभ्या राहणार.

मैत्रिणींनो, गंमत बघा. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून इंद्रायणी दिसते. घरातल्या सगळ्या पुरुषांना पोहता येतं. लहानपणी पाठीला डबा बांधून त्यांना विहिरीत ढकललं होतं म्हणे. पण सासूबाई, मी आणि माझी लेक, तीन पिढ्यांत एकीलाही पोहता येत नाही. ज्यांचा नदीशी रोजचा संबंध, त्यांनाच आम्ही पाणी शिकवलं नाही. भीती तेवढी शिकवली.

त्या दिवशी मीही सरळ नाहीच म्हणणार होते. कारणंही होती. ३० जून २०२४ च्या रविवारी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली एक बाई आणि चार मुलं वाहून गेली. त्याचा व्हिडिओ सगळ्या देशाने पाहिला. पाण्याच्या मधोमध एकमेकांना धरून उभी असलेली माणसं आणि दोन्ही काठांवर हतबल उभे असलेले लोक. १५ जून २०२५ ला, तोही रविवारच, कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. त्याला महिना झाला नव्हता आणि आमच्या ओसरीवर ही पिवळी होडी.

पण लेक एकवीस वर्षांची. घरातून नाही म्हटलं तर मैत्रिणीच्या खोलीवर होडी नेऊन ठेवणार, आणि मला कळणार ते कुणाच्या तरी फोनवरून. वाहून जाणाऱ्या कितीतरी पोरांच्या घरी ती कुठे गेलीत ते ठाऊकच नसतं, हे मळवलीत राहून मी पुष्कळ ऐकलंय.

म्हणून म्हटलं, "नाही म्हणत नाही मी. पण हे लग्नकार्य समज. यादी झाल्याशिवाय, मुहूर्त बघितल्याशिवाय आणि जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय मांडव घालायचा नाही. आणि तयारी मी करणार."

लेकीने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच होडीतून उतरले होते.

चाळणी आणि बंधारा

जाणता माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'सारख्या संस्थांची मुलं आमच्या भागात दरीत, धरणात, पुरात अडकलेल्यांना बाहेर काढतात. असंच बचावाचं काम करणारा एक मुलगा आमच्याकडे कधीमधी जेवायला येतो. त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि होडीही ठेवली. त्याने ती बोटाने दाबून पाहिली.

"मावशी, ही साठलेल्या पाण्यातली आहे. तळ्यात बसून फोटो काढायला ठीक. वाहत्या नदीत दगडाला घासली की गेली."

मग हात धुऊन त्याने आम्हा दोघींना जे सांगितलं, ते इतकं घरगुती होतं की मला अजून तसंच्या तसं आठवतं.

पहिली गोष्ट, आपल्या डोक्यावर ऊन असलं म्हणून नदीला ऊन नसतं. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पुण्याला सातशे-साडेसातशे. म्हणजे खाली कोरडं असताना वर घाटात ढग फुटलेला असू शकतो. ते पाणी तास-दोन तासांनी आपल्यापाशी येतं. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाचोळा येऊ लागला, आवाज बदलला की क्षणभर न थांबता वर चढायचं.

दुसरी गोष्ट, चाळणी. पाण्यात पडलेलं झाड, फांद्या, कुंपणाच्या तारा. "मावशी, तुम्ही चाळणीत भाजी धुता. पाणी निघून जातं, भाजी राहते. नदीतल्या झाडात माणसाची भाजी होते." पाणी फांद्यांतून आरपार जातं आणि माणसाला तिथंच दाबून धरतं.

तिसरी गोष्ट, बंधारा. आपल्याकडे नद्यांवर जागोजागी कोल्हापुरी बंधारे आहेत. वरून बघितलं तर पाण्याची छान एकसारखी झालर दिसते. पण ते पाणी खाली पडून पुन्हा बंधाऱ्याकडेच वळतं आणि गोल गोल फिरत राहतं. त्यात सापडलेली वस्तू बाहेर पडत नाही. चांगला पोहणाराही तिथं दमून जातो.

चौथी गोष्ट मला सगळ्यांत नवीन होती. वाहत्या पाण्यात पडलात तर उभं राहायला बघू नका. कमरेइतकंच पाणी असलं तरी! पाय दगडांच्या फटीत अडकतो आणि मागून येणारं पाणी आपल्याला त्याच्यावर पालथं घालतं. उताणं व्हायचं, पाय वर आणि पुढच्या दिशेला ठेवायचे, म्हणजे दगड आला तर पायाला लागेल, डोक्याला नाही. आणि हात मारत तिरकं काठाकडे सरकायचं.

लेक गप्प होती. शेवटी म्हणाली, "आणि कुठं उतरायचं हे आधी बघायला पाहिजे ना?"

"तेच तर तयारीतलं पहिलं काम," तो म्हणाला. "नदी आधी काठाने चालून बघायची. पुढचं वळण दिसत नसेल तर होडीतून उतरायचं, चालत जाऊन बघायचं. नाही जमण्यासारखं वाटलं तर होडी खांद्यावर घ्यायची आणि काठाने पुढे जायचं. हिमालयातल्या नद्यांवर जाणारे पट्टीचे लोकही हेच करतात. त्यात कुणाला लाज वाटत नाही."

जाताना त्याने एका नदीचं नाव दिलं. कुंडलिका.

नळाला पाणी, नदीला पाणी

कुंडलिका आमच्यापासून अडीच-तीन तासांवर, रायगड जिल्ह्यात कोलाडला. तिची गोष्ट ऐकली तेव्हा वाटलं, ही तर आपल्याच घाटातल्या पाण्याची गोष्ट. आमच्या भागातलं पाणी अडवून कोकणात सोडायचं आणि त्यावर वीज करायची, हे टाटांनी शंभर वर्षांपूर्वी सुरू केलं. लोणावळा-वळवणचं पाणी खोपोलीला उतरतं, तिथलं वीजकेंद्र १९१५ चं. ठोकरवाडीचं पाणी भिवपुरीला, ते १९२२ चं. आणि मुळशीचं पाणी सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला, १९२७ पासून. मुळा नदी खरी पुण्याकडे वाहणारी, पण धरणात अडवलेलं तिचं पाणी पश्चिमेला कोकणात जातं. वीज करून झाली की ते कुंडलिकेत येतं आणि रेवदंड्याला समुद्राला मिळतं.

या पाण्याची किंमत आपल्या मावळ्यांनी मोजली आहे, हेही लेकीला सांगितलं. मुळशीची गावं आणि भातखाचरं बुडणार म्हणून १९२१ ते १९२४ सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्याचे पुढारी. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. जमीन गेलीच. तेव्हा ज्या पाण्यावर मजा करायला जातोय, त्याच्या तळाशी कुणाची तरी घरं आहेत, एवढी आठवण तरी ठेवावी.

तर भिऱ्याला वीज करून सोडलेल्या पाण्यामुळे कुंडलिकेला पावसाळा संपल्यावरही पाणी असतं. पाणी साधारण सकाळी सोडतात आणि त्याच्याबरोबर राफ्ट, म्हणजे रबरी तराफे निघतात. बारा-चौदा किलोमीटर, दोन-अडीच तास. पाण्याच्या अवघडपणाच्या एक ते सहा अशा पायऱ्या असतात. एक म्हणजे संथ, सहा म्हणजे जिवावरचं. कुंडलिका दोन-तीनच्या पायरीवर आहे. खळाळतं, अंगावर येतं, पण जाणत्या माणसाबरोबर नवख्यांनाही झेपतं.

मी कोलाडच्या दोन-तीन ठिकाणी फोन लावले. पहिला प्रश्न, "पाणी किती वाजता सोडतात?" पलीकडचा माणूस हसला. म्हणाला, "ताई, लोक आधी विचारतात जेवणात काय आहे!"

अहो, ज्या बाईचा जन्म नळाची वेळ सांभाळण्यात गेला, ती दुसरं काय विचारणार? पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, आज येणार की नाही, आलं नाही तर काय करायचं, हा हिशेब आपल्याइतका कुणाला जमतो? मग लक्षात आलं की नदीच्या सहलीचं नियोजन म्हणजे हाच हिशेब. आपण तो रोज करतो, फक्त त्याला साहस म्हणत नाही.

यादी

वहीच्या मधल्या पानावर यादी केली. पहिली ओळ लिहिली: पोहणे. लेक म्हणाली, "लाइफ जॅकेट असतं गं." म्हटलं, असू दे. जॅकेट तरंगवतं, पण घाबरायचं कसं नाही हे जॅकेट शिकवत नाही. बायकांची वेगळी वेळ असलेला तलाव शोधला आणि दोघींनी नाव घातलं. बावन्नाव्या वर्षी मी गुडघ्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख घालून कठड्याला धरून पाय मारत होते. शेजारची आठ वर्षांची पोर मला धीर देत होती, "काकू, तोंडातून हवा सोडा!" पंधराव्या दिवशी मी कठडा सोडला. रडूच आलं. पाण्यात कुणाला कळलं नाही.

पुढची ओळ: कयाक की राफ्ट? राफ्टमध्ये सहा-आठ जण आणि मागे गाइड. कयाकमध्ये आपण एकटं. नदीतल्या खऱ्या कयाकमध्ये कमरेपर्यंत आत बसायचं आणि कमरेला रबरी घागरा घालून तो होडीच्या तोंडाला ताणून बसवायचा, म्हणजे पाणी आत येत नाही. इंग्रजीतही त्याला स्कर्टच म्हणतात! होडी उलटली की डोकं पाण्याखाली. तेव्हा घागऱ्याचा पुढचा पट्टा ओढायचा आणि बाहेर सरकायचं, ही पहिली शिकवणी. मुरलेले लोक बाहेर न येता कमरेच्या झटक्याने आणि वल्ह्याच्या जोरावर होडी सरळ करतात.

लेकीने शोधून आणखी एक माहिती आणली. बर्फाळ आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांनी कयाक काढली, शिकारीसाठी. तिच्यावर सीलचं कातडं चढवायचं आणि त्यात थेंबभर पाणी शिरणार नाही असे टाके घालायचे, हे काम बायकांचं. त्यांच्याकडे उमियाक नावाची मोठी होडी होती, ती बायका वल्हवायच्या आणि तिला बायकांची होडीच म्हणायचे. म्हणजे बघा, टाका चुकला तर नवरा बुडाला! एवढी जोखीम हातात असलेल्या बायकांना पाण्याचं काही कळत नाही, असं म्हणायची कुणाची छाती झाली असेल?

शेवटी ठरलं, आधी सगळ्यांनी राफ्टमधून नदी बघायची. नंतर खालच्या संथ पाण्यात तिघी मुलींनी शिक्षकाबरोबर कयाक शिकायची.

यादीत बायकांच्याच म्हणाव्यात अशाही ओळी होत्या, त्या कुठल्या माहितीपत्रकात नसतात. पाळीच्या तारखा. ओले कपडे बदलायला बंद खोली आहे का? साडी, ओढणी, सैल सलवार नको, कारण पाण्यात कापड पायाला गुंडाळतं. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, तेव्हा वेणी घालायची. बांगड्या, पैंजण, जोडवी काढायची.

आणि मंगळसूत्र. दोरीत, फांदीत अडकणारी कुठलीही वस्तू गळ्यात नको, असं गाइडने फोनवरच सांगितलं होतं. तीस वर्षांत मी ते दवाखान्यातही काढलं नव्हतं. हे म्हणाले, "मला काही होत नाही, तू तुझा जीव सांभाळ." पण सासूबाई?

शेवटची ओळ लेकीच्या हस्ताक्षरात होती: 'आदल्या दिवशी घाटात पाऊस झाला तर जायचं नाही. हट्ट करायचा नाही.' खाली तिघींच्या सह्या. मी मुद्दाम घेतल्या होत्या.

सही कामाला आली

दिवाळीनंतरच्या शनिवारी निघायचं ठरलं. भिशीचे पैसे त्यासाठीच उचलले होते. गाडी ठरली, डबे ठरले. आणि गुरुवारपासून अवकाळी पाऊस सुरू झाला. शुक्रवारी दिवसभर राजमाची दिसला नाही.

तिकडून फोन आला, "या ताई, आमचं चालू आहे." चालू असेलही. त्यांना नदी माहीत आहे. पण कुंडलिकेला धरणाचं पाणी मोजून येत असलं, तरी तिला वाटेत मिळणारे ओढे कुणी मोजत नाही. शिवाय आमचा रस्ता खोपोली-पालीचा, अंबा नदीच्या काठाकाठाने. १९८९ च्या जुलैत याच अंबेने जांभूळपाड्यात हाहाकार केला होता, ते माझ्या माहेरचे लोक अजून बोलतात.

मी वही उघडून तिघींपुढे ठेवली. मुली फुरंगटल्या. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. लेक म्हणाली, "तुला मुळात जायचंच नव्हतं." खरं सांगते, ते लागलं मला. पण गाडी फिरवली नाही. मैत्रिणींनो, इतक्या सगळ्या तयारीतलं सर्वांत अवघड काम तेच होतं. हेल्मेट, जॅकेट पैसे टाकले की मिळतं. ठरलेली, पैसे भरलेली, सगळ्यांना सांगून झालेली सहल रद्द करणं, ते कुठं विकत मिळत नाही. पुलावर, धबधब्यात गेलेल्या माणसांचं काय चुकलं, हे सांगणारी मी कोण? पण 'एवढ्या लांब आलोय तर' हे चार शब्द किती जणांना पाण्यात घेऊन जात असतील, असं मला वाटत राहतं.

एक, दोन, तीन, चार

नोव्हेंबर संपताना पुन्हा मुहूर्त लागला. पहाटे साडेतीनला उठले. अंघोळ करून देवापुढे दिवा लावला आणि गळ्यातलं काढून सासूबाईंच्या हातात दिलं. काही बोलले नाही. त्यांनी ते देव्हाऱ्यात ठेवलं, वर हळदकुंकू वाहिलं. मग माझ्या पदरात, म्हणजे ट्रॅकपँटवर घातलेल्या जॅकेटच्या खिशात, एक नारळ कोंबला. "नदीला दे. माझ्या नावानं दे."

पालीला उजाडलं. बल्लाळेश्वराला गाडीतूनच हात जोडले. कोलाडला पोचलो तेव्हा नदी अगदी गरीब दिसत होती. गोटे उघडे पडलेले, मधून बारीक धार. जाऊबाई काठावर गाडीपाशी थांबणार होत्या. त्यांच्याकडे कागद दिला: आम्ही किती जणी, कुठं उतरणार, किती वाजेपर्यंत यायला हवं, नाही आलो तर आधी कुणाला फोन आणि मग ११२.

आणि पाणी आलं. आधी आवाज नाही, काही नाही. एक गोटा दिसेनासा झाला. मग दुसरा. पाच-दहा मिनिटांत नदी भरून, फुगून, वेगळ्याच तोंडवळ्याची झाली. जी जागा आत्ता कोरडी होती तिथं कमरेइतकं पाणी! मला भुशीचा तो व्हिडिओ आठवला आणि पोटात गोळा आला. कोरड्या दगडावर बसलेल्या माणसाला काय कळणार, की वरून निघालंय?

नारळ दिला आणि राफ्टमध्ये बसलो. पहिल्या खळाळात राफ्टचं नाक वर गेलं, खाली आदळलं आणि अख्खी नदी तोंडावर फुटली. गाइड ओरडत होता, "फॉरवर्ड! फॉरवर्ड!" मी वल्हं मारत होते की दळत होते, देव जाणे. पण तिसऱ्या खळाळाला मी किंचाळले ती भीतीने नाही. शेजारी लेक होती. आम्ही दोघी एकाच वेळी तोंडातून पाणी सोडत हसत होतो.

खाली पाणी संथ झालं आणि मुली कयाकमध्ये बसल्या. मी काठावर. लेकीची होडी दोन-चार हात गेली, डगमगली आणि उलटी झाली. पाण्यावर फक्त होडीचा तळ.

मला सगळं ठाऊक होतं. शिकवणीतलंच होतं ते. पट्टा ओढायचा, बाहेर सरकायचं. शिक्षक हातभर अंतरावर उभा होता. तरी मी मोजत होते. एक. दोन. तीन. चार. आयुष्यात एवढे मोठे आकडे मी मोजले नाहीत. साठ वर्षांपूर्वी एक मुलगी काठावरच्या दगडावर बसून अशीच मोजत राहिली असेल, आणि तिचे आकडे संपलेच नसतील.

चारनंतर हेल्मेट वर आलं. खोकत, नाकातून पाणी काढत लेक म्हणाली, "परत करू?"

तुम्हीही निघणार असाल तर

आयोजकाला हे विचाराच: महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलंय, त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? गाइडने बचावाचं आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलंय का? राफ्टबरोबर सुटका करायला दुसरी होडी किंवा कयाक असते का? फेकायची दोरी जवळ असते का? सर्वांत जवळचा दवाखाना किती मिनिटांवर?

स्वतःला हे विचारा: रक्तदाब, हृदयाचा त्रास, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन? मग यंदा काठावर बसा, त्यातही मजा आहे. जॅकेटचे सगळे पट्टे लावल्यावर कुणाला तरी खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत वर आलं तर ते सैल आहे, दुसरं मागा. चष्म्याला दोरी बांधा. आणि पावसाळ्यात अनोळखी नदीत, धबधब्यात उतरू नका. गंगेवर ऋषिकेशलाही जुलै-ऑगस्टमध्ये राफ्टिंग बंद ठेवतात, मग आपल्या इंद्रायणीचं काय घेऊन बसलात!

आता लेकीला ऋषिकेशला जायचंय. १९९४ मध्ये बचेंद्री पाल यांच्यासोबत अठरा जणी तीन राफ्टमधून हरिद्वारहून कोलकात्यापर्यंत ३९ दिवसांत गेल्या होत्या, हे तिने कुठून तरी वाचलं आणि भिंतीवर नकाशा लावला. त्यापुढे हिमालयातल्या आतल्या कुठल्या नदीची नावं घेते, जिथं काठाने रस्ताच नाही. मी नवी वही काढली आहे. पहिली ओळ तिनेच लिहिली: 'अजून दोन वर्षं शिकायचं.' बचत गटातल्या पाच जणींच्या मुलीही आता तलावावर येतात. पिवळी होडी ओसरीवर आहे, तिच्यात आमची मनी झोपते.

त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा सासूबाई जाग्याच होत्या. मंगळसूत्र त्यांनी स्वतः माझ्या गळ्यात घातलं. मग नातीचे ओले केस पुसता पुसता म्हणाल्या, "पानी गार व्हतं का गं?"

तीस वर्षांत त्यांच्या तोंडून नदीबद्दल आलेला तो पहिला प्रश्न. लेकीने सगळं सांगितलं, गोटे कसे बुडाले, होडी कशी उलटली, सगळं. त्या ऐकत राहिल्या. दिवा मालवताना म्हणाल्या, "ती पन अशीच बडबडी व्हती." बहिणीचं नाव मात्र त्यांनी घेतलं नाही.

सकाळी मी चहा ठेवत होते तर खिडकीशी उभ्या. बाहेर इंद्रायणीकडे बघत होत्या. मला म्हणाल्या, "पुढल्या टायमालाबी इचारून घे बरं, पानी किती वाजता सोडत्यात."